मशेरीचं बोट

माझ्या उजव्या हाताच्या तर्जनीवर, अगदी टोकाला, मसूर डाळीएवढी जखम झाली तेव्हा मला काळजीपेक्षा नवलच जास्त वाटलं. ना सुई टोचली होती, ना विळी लागली होती. मी नवीन पनवेलला घरीच ब्लाउज शिवते, त्यामुळे बोटाला सुई टोचली तर त्याचं कुणी कौतुक करत नाही. ही जखम मात्र ठाण मांडून बसली, आणि ठणका असा की हूक लावताना डोळ्यांत पाणी यायचं.

स्क्लेरोडर्मा हे माझ्या आजाराचं नाव तोवर मला तोंडपाठ झालं होतं. कातडी घट्ट होत जाते आणि बोटांतल्या बारीक रक्तवाहिन्या गारव्याने आवळतात. गार पाण्यात हात घातला की माझी बोटं आधी खडूसारखी पांढरी, मग जांभळी, मग लाल होतात. रक्त पोचत नाही, म्हणून जखम भरत नाही. डॉक्टर मॅडमनी स्पष्टच सांगितलं होतं, टोक काळं पडत गेलं तर तेवढं कापावं लागेल. उजव्या हाताची तर्जनी गेली तर मी शिवणार काय, या विचाराने मी घाबरले. ते लपवण्यात अर्थ नाही.

"तंबाखू, सिगारेट वगैरे काही?" मॅडमनी विचारलं होतं. मी हसून "छे हो" म्हटलं. तंबाखू म्हणजे पुड्या चोळणारे बाप्ये, माझा त्याच्याशी काय संबंध?

जखमेची निगा मला मॅडमच्या दवाखान्यातल्या सिस्टरनी शिकवली. कोमट पाण्याने धुवायची, घासून पुसायची नाही, नुसती टिपायची. वर मलम आणि न चिकटणारी पट्टी. कडेची कडक कातडी कापायची नाही. पू, वास किंवा काळेपणा दिसला तर त्याच दिवशी यायचं. हातमोजे घालायचेच, पण पोट आणि पाठही गरम ठेवायची. "अंग गार पडलं की शरीर आधी बोटांचं रक्त काढून घेतं," त्या म्हणाल्या. मला कारण कळलं की मी मुकाट्याने ऐकते. पंख्याखाली स्वेटर घालून शिवायला बसले. गिऱ्हाइकं हसली, हसू देत. पीठ मळणं आणि मासे साफ करणं यजमानांकडे गेलं. त्यांनी केलेलं कालवण कसं होतं ते इथे लिहीत नाही.

एवढं करूनही रोज सकाळी तोंड धुतल्यावर बोट पांढरं पडायचं. का? मी छडा लावायचं ठरवलं. आधी नळाच्या पाण्यावर संशय घेतला, म्हणून पाणी तापवून घेतलं. बोट पांढरंच. मग गॅलरीतल्या वाऱ्यावर. दार लावून घेतलं, तरी तेच. एके दिवशी दात घासण्याआधीच चहा प्यायले. चहा होईपर्यंत बोट गुलाबी होतं, दात घासून झाल्यावर पांढरं. यजमान म्हणाले, "तू पोलिसात जायला हवं होतंस." आणि गंमत म्हणजे, जखमेला घाण लागू नये म्हणून मी मशेरी डाव्या बोटाने लावत होते. लावायची डाव्याने आणि पांढरं पडायचं उजवं, हे काय गौडबंगाल?

पुढच्या वेळी पट्टी बदलताना हे कोडं मी मोठ्या ऐटीत सिस्टरना घातलं. त्यांचा हात थांबला.

"तुम्ही मशेरी लावता?"

"हो, दातांना."

"ती कशाची करतात?"

"तंबाखूचं पान तव्यावर काळं होईपर्यंत भाजायचं, मग..." तेव्हा कुठे मला मॅडमचा प्रश्न आठवला.

काखेत कळसा आणि गावाला वळसा. माझं माहेर करंज्याचं, कोळ्यांचं. तिथे बायकांचा दिवसच मशेरीने उघडतो. तिला कुणी व्यसन म्हणत नाही, ते दात घासणं. सिस्टर म्हणाल्या, हिरडीतून ती रक्तात जाते आणि आधीच आवळलेल्या रक्तवाहिन्या आणखी आवळते. कुठल्या हाताने लावली याच्याशी रक्ताला देणंघेणं नसतं.

सोडली, पण सुखासुखी नाही. डोकं चढायचं, पोट साफ होईना, एका गिऱ्हाइकाच्या बाह्या रागाच्या भरात उसवल्या. सिगारेट सोडायला लोक कसलं च्युइंगगम खातात, ते मला चालेल का, असंही मॅडमना विचारून झालं. त्यातही तंबाखूतलंच निकोटीन असतं, तुमच्या बोटांना नको, असं त्या म्हणाल्या.

अशात आई करंज्याहून आली. कमरेच्या पिशवीतून तिने ताज्या मशेरीची पुडी काढली. माझ्यासाठी ती नेहमी स्वतः भाजून आणते.

"आये, मी सोडली."

"का गो, माज्या हातची नको झाली?"

मी सगळं सांगितलं. तिने पुडी परत पिशवीत ठेवली. मग हळूच म्हणाली, "तुजी दाढ दुखायची तवा मीच लावली व्हती. म्हंजे ह्यो रोग मीच दिला तुला?"

"नाय गो. रोग तिच्यानं नाय झाला. ती जखम भरू देत नाय, एवढंच."

"डाकतरला इचार."

मी विचारलं. मॅडमनी तेच सांगितलं, आणि मी ते आईला फोनवर जसंच्या तसं ऐकवलं. ती "बरा" म्हणाली. तिला ते पटलं नाही, हे मला तिच्या आवाजावरून कळलं.

सकाळचं पांढरं पडणं कमी झालं. मॅडमनी औषधही वाढवलं होतं, तेव्हा श्रेय कुणाला किती ते मला सांगता येणार नाही. जखमेच्या तळाशी लाल मांस दिसायला लागलं आणि ती हळूहळू मिटली. टोक राहिलं, जरा बसकं आणि नख वाकडं. हूक लावता येतात.

आईने स्वतःची मशेरी सोडलेली नाही, मी सांगून थकले. पण आता ती आली की दारातच माझं ते बोट आपल्या खरखरीत मुठीत धरते. "गरम हाय," म्हणते, आणि मगच चप्पल काढते. ज्या दिवशी ते गार लागतं त्या दिवशी मूठ सोडत नाही. चपलेसकट उंबऱ्यातच उभी राहते, ते गरम होईपर्यंत.