ठोक्याचा दुसरा अल्बम

बँडमध्ये त्याला सगळे ठोक्या म्हणत. हळूहळू घरी, दुकानात, अगदी सासुरवाडीलाही तेच नाव चिकटलं, आणि त्याला त्याची ना खंत ना खेद. माणूस मितभाषी, पण ड्रमसमोर बसला की वारं प्यायलेल्या वासरासारखा सुटायचा. आठवडाभर टायरच्या दुकानात चाकं बॅलन्स करायची, म्हणजे मशीनवर चाक गरगर फिरवून ते कुठे हेलकावतंय ते पाहायचं आणि रिमला शिशाचं चिमुकलं वजन ठोकून त्याला ताळ्यावर आणायचं. रविवारी तालमीच्या खोलीत जाऊन सगळा आठवडा बडवून काढायचा. त्याच्या हातची चाकं सरळ पळायची. गाणी मात्र नुसतीच पळायची.

ही खोड सगळ्यांना ठाऊक होती. गाणं सुरू व्हायचं शहाण्यासारखं, पण धृपदापाशी आलं की ठोक्याला धीर धरवत नसे. तो पुढे सरकला की बाकीचे तिघेही त्याच्यामागे धावत सुटत, आणि शेवटाला पोचेपर्यंत चौघेही घामाघूम. पहिला अल्बम त्यांनी एका खोलीत एकत्र बसून असाच वाजवला. कॉलेजातल्या पोरापोरींनी तो डोक्यावर घेतला. एकाने तर लिहून कळवलं, की तुमची गाणी ऐकताना पाठीमागे कुत्रं लागल्यासारखं वाटतं. आता हे कौतुकच होतं, बरं का!

ठोक्याच्या वडिलांनी तो अल्बम एकदाच ऐकला. अण्णा छापखान्यात मशीनमन होते. उभा जन्म त्यांनी छपाईच्या यंत्राशेजारी काढलेला, आणि यंत्राचा ठोका जरा चुकला की जेवतानाचा घासही त्यांच्या हातात थांबायचा. खुर्चीत ताठ बसून त्यांनी सगळी गाणी ऐकली आणि शेवटी म्हणाले, "पळतोयस. घाई कसली झालीय तुला?" बस्स, एवढंच. उठले आणि पाय धुवायला गेले.

ठोक्या तेव्हा हसला खरा, पण ते बोलणं त्याच्या मनात घर करून बसलं. चाळिशीला टेकलेला गडी, दोन लेकरांचा बाप, पण स्वतःच्या बापाच्या तोंडून एकदा 'जमलं' ऐकायला आसुसलेला. अण्णा काही दुष्ट नव्हते. त्यांच्याकडे कौतुकाचा साठाच मुळात तुटपुंजा, आणि तोही सगळा यंत्रांवर खर्च झालेला. मग अण्णांची फुफ्फुसं थकली. पलंगाशेजारी ऑक्सिजनचं सिलिंडर आलं, आणि डॉक्टरांनी ठोक्याला बाहेर बोलावून जे सांगायचं ते सांगितलं. बँडचा दुसरा अल्बम ठरला तो नेमका त्याच सुमारास. हा अल्बम अण्णांना ऐकवायचा आणि तो एक शब्द त्यांच्याकडून घ्यायचा, अशी ठोक्याने मनाशी गाठ बांधली.

आणि इथेच त्याने आपल्या हाताने आपल्याच पायावर धोंडा पाडून घेतला. पहिल्याच बैठकीत म्हणाला, "या वेळी क्लिकवर वाजवू."

क्लिक म्हणजे हेडफोनमधून कानात पडणारी टिकटिक. ती वेग धरून ठेवते. वाजवणाऱ्याने तिच्याबरोबर चालायचं, पुढे नाही, मागे नाही. हेडफोन घातले की सगळ्यांनी एकत्र बसायचीही गरज नाही. ज्याने त्याने सवडीने यावं, टिकटिक ऐकत आपला भाग वाजवावा आणि घरी जावं.

गायक त्याचा शाळेपासूनचा दोस्त आणि बँडचा कारभारी. तो डोळे वटारून म्हणाला, "तू? क्लिकवर? बरं आहे ना तुला?"

"बरं आहे. यंदा पळायचं नाही."

"अरे बाबा, तू पळतोस म्हणून तर लोक ऐकतात आपल्याला!"

"नीट वाजवलं तर आणखी ऐकतील," ठोक्या म्हणाला. खरं कारण त्याने सांगितलं नाही. बापाने शाबासकी द्यावी म्हणून हा खटाटोप, हे या वयात चारचौघांत कोण बोलेल?

स्टुडिओ गाद्यांच्या दुकानावरच्या मजल्यावर होता. आवाज बाहेर जाऊ नये म्हणून भिंतींना जुन्या गाद्या ठोकलेल्या, त्यामुळे आत शिरलं की बोलणंसुद्धा तोंडापुढेच मरायचं. ठोक्याने हेडफोन चढवले, काठ्या उचलल्या, आणि त्याचे हात लाकडाचे झाले. कुणी टक लावून बघत असताना सही करायला लावली की अक्षर जसं बावचळतं, तसं. काठी टिकटिकीच्या आधी पडे. मग तो बिचकून हात आवरे, आणि पुढची काठी उशिरा पडे. काचेपलीकडून रेकॉर्डिस्ट म्हणे, "हरकत नाही दादा, परत घेऊ." त्या माणसाचा आवाज इतका गोड होता की ठोक्याला त्याच्याच अंगावर ओरडावंसं वाटे.

कित्येक रविवार असे गेले. बाकीच्या तिघांनी आपापले भाग टिकटिकीवर वाजवून उरकले. ठोक्या रोज दुकानात चाकं फिरवताना तोंडाने टिकटिक करत राहायचा, आणि संध्याकाळी अण्णांच्या उशाशी बसायचा. मास्क बाजूला करून अण्णा विचारायचे, "झालं का रे तुझं?"

"होत आलंय, अण्णा."

एके दिवशी दुपारी गायक दुकानात आला. ठोक्याने मशीनवर चाक चढवलेलं होतं. ते थांबेपर्यंत गायक नुसता उभा राहिला.

"ड्रमवर एकाला बोलावलं होतं. स्टुडिओत वाजवूनच पोट भरतो तो," गायक म्हणाला.

"किती गाण्यांना?"

"सगळ्या."

"झालं पण?"

"झालं, काल. तुला आधी सांगायला पाहिजे होतं, पण जीभ रेटेना."

ठोक्याने चाकावरून हात फिरवला. "मला काढून गाणी उभी राहिली?"

"सगळं क्लिकवरच होतं ना. तुझं उचललं, त्याचं ठेवलं. बाकी कुणाच्या भागाला हातसुद्धा लावावा लागला नाही." गायकाचे डोळे भरून आले. "मागच्या वेळी नसतं रे जमलं. सगळे तुझ्याबरोबर पळत होतो. तुला काढलं असतं, तर काही उरलंच नसतं."

जाता जाता तो म्हणाला, "नाव तुझंच छापतोय. त्या माणसाची ना नाही. तू आमचा आहेस." हे त्याने मायेपोटी केलं होतं आणि ठोक्याला ते कळत होतं, म्हणून भांडताही आलं नाही. दोन शिव्या हासडता आल्या असत्या, तर बिचाऱ्याला बरं तरी वाटलं असतं.

त्याने फक्त बायकोला सांगितलं. ती म्हणाली, "अहो, मग अण्णांना ऐकवूच नका."

"रोज विचारतात गं. काय सांगू?"

अल्बम आला त्या दिवशी एका छोट्या सभागृहात कार्यक्रम ठेवला होता. ठोक्या ड्रमवर बसला आणि आयुष्यात पहिल्यांदा पळाला नाही. पळायला मनच नव्हतं. कार्यक्रम संपल्यावर पहिल्या अल्बमपासूनचा एक चाहता सीडी हातात नाचवत आला आणि म्हणाला, "काय हात बसलाय दादा या वेळी!" ठोक्याने त्याचे आभार मानले आणि सीडीवर सही केली.

दुसऱ्या दिवशी दुपारी त्याने अण्णांच्या पलंगाजवळ सीडी लावली. अण्णांनी डोळे मिटले. ठोक्या त्यांच्या कपाळाकडे बघत बसला. आठी पडली असती तर त्याला हवीच होती. आठी पडली नाही. एकामागून एक गाणी गेली, ठोका न् ठोका जागच्या जागी. शेवटचं गाणं थांबलं तसं अण्णांनी मास्क खाली केला.

"जमलं," ते म्हणाले. "जमलं रे तुला."

ज्या शब्दासाठी तो लहानपणापासून ताटकळत होता तो शब्द आला, आणि दुसऱ्याच माणसाच्या पत्त्यावरचा निघाला. खरं सांगून टाकावं, असं ठोक्याच्या अगदी ओठांवर आलं. पण अण्णा हसत होते. सुनेला हाक मारून, "ऐकलंस का, तुझ्या नवऱ्याचा हात बसला," असं सांगत होते. ती दारातच पदर तोंडाशी धरून उभी राहिली.

"दाखव," म्हणत अण्णांनी त्याचा हात ओढून घेतला आणि तळव्यावरच्या घट्ट्यांवरून अंगठा फिरवला. ते घट्टे टायरच्या दुकानातले किती आणि ड्रमचे किती, कुणास ठाऊक. चोरी करताना घरच्याच माणसाने पकडावं आणि वर पाठ थोपटावी, तसं ठोक्याला झालं.

"तिसरा कधी?" अण्णांनी विचारलं.

"करू, अण्णा."

"सावकाश कर. आता घाई करू नकोस." त्यांना धाप लागली होती. "मी थांबतो."

ठोक्याने हात सोडवून घेतला नाही. अण्णांनी पुन्हा लाव अशी खूण केली, तेव्हा त्याने दुसऱ्या हाताने पहिलं गाणं पुन्हा लावलं.