पाणी सुटलंय

देवावर माझी श्रद्धा आहे, पण ह्यांच्या गाडी चालवण्यावर नाही. म्हणून कोकणातल्या कुलस्वामिनीला जायचं ठरलं तेव्हा माझा जीव आधीच टांगणीला लागला. लासुर्ण्यातले आम्ही उसाच्या रानातले लोक, आणि आमची देवी पार समुद्राच्या तोंडाशी, एका खडकावर. ती तिथं का जाऊन बसली आणि आम्ही इथं का येऊन बसलो, हे घरात कुणालाच सांगता येत नाही. मागच्या उन्हाळ्यात माझ्या सासऱ्यांना, आबांना, अर्धांगाचा झटका आला. जीव वाचला, पण उजवा पाय कायमचा ओढायला लागला. जीभ सुटल्यावर पहिलं वाक्य त्यांनी काय बोलावं? "एकदा तिच्या म्होरं न्या मला." डॉक्टर जपून जा म्हणाले. जपायची जबाबदारी अर्थातच माझ्यावर आली. दर्शन होवो न होवो, या माणसाला मला जिवंत परत आणायचं होतं. खरं सांगायचं तर मी देवीवर जरा चिडूनच निघाले होते.

त्यात आबांचं सामान. ओटीसाठी नारळ त्यांनी घरूनच घेतला. कोकणात नारळ घेऊन जाणारी माणसं आमच्याशिवाय कुठं सापडायची नाहीत. दोन ऊस वाढ्यांसकट गाडीत घातले, ती पानं फलटणपासून माझ्या मानेला टोचत होती. आणि एक प्लास्टिकची बाटली, तिच्यात आमच्या पाटाचं पाणी. ते देवीच्या पायावर घालायचं. मी म्हटलं, आबा, तिच्या चारी बाजूंना समुद्र आहे, तिला पाण्याची काय कमी? त्यांनी बाटली मांडीवर धरली आणि शेवटपर्यंत सोडली नाही.

कुंभार्ली घाट उतरताना मी जेवढा नामजप केला तेवढा साऱ्या अधिकमासात केला नसेल. वळणावर हॉर्न वाजवा असा फलक असतो तिथं हे वाजवायचे नाहीत, आणि सरळ रस्त्यावर गाईला वाजवायचे. चिपळूणला पेट्रोल भरून घ्या म्हटलं तर म्हणाले, "पुढं मिळंल की." पुढं मिळालं ते जांभ्या दगडाच्या गडग्यांमधून जाणारं एक बोळकांड. समोरून एसटी आली की आम्ही मागं मागं जायचो, ते पार कुणाच्या तरी अंगणातल्या तुळशीपर्यंत. मोबाईलची रेंज गेली. नकाशावरची रेघ तेवढी अडकून राहिली, आणि ती खाडीतून सरळ पलीकडं जात होती. कुणाला तरी विचारा, असं मी किती वेळा म्हटलं असेल ते देवीलाच माहीत. पेट्रोल पुरलं हीसुद्धा तिचीच कृपा म्हणायची.

शेवटी एका टपरीवर हे विचारायला उतरले. मी गाडीत आबांना गोळी देत होते. टपरीवाल्यानं सांगितलं होतं की आज भरती लवकर आहे, तिच्या आत या. हे मला मागून कळलं. आणि ह्यांनी त्याला उत्तर काय दिलं? तर, "व्हय, आमच्याकडची पोरं बी भरतीसाठीच पळत्यात." आमच्या भागात भरती म्हणजे पोलीस भरती. पहाटे रस्त्यानं पळणारी पोरं बघून बघून कानात तोच एक अर्थ बसलेला. भरती-ओहोटी ह्यांना माहीत नाही असं नाही, शाळेत शिकलेत. पण ह्यांच्या डोक्यातलं पाणी पाटाचं आहे. ते कुणीतरी सोडतं, कुणीतरी बंद करतं, आणि सोडायच्या आधी साऱ्या गावाला खबर होते.

खाडीवर आलो तेव्हा पाणी ओसरलेलं होतं. पलीकडं खडकावर देऊळ दिसत होतं, मधे नुसती ओली वाळू, आणि तिच्यावर ट्रॅक्टरच्या चाकांच्या खुणा. लोक पायीच जात असावेत. पण आबांना तेवढं चालवणार कोण? आमच्याकडं पाट बंद असला की रानात पाणी नेणाऱ्या कोरड्या चारीतून ट्रॅक्टर, मोटरसायकली सगळं जातं, तोच आमचा जवळचा रस्ता. हे म्हणाले, "पाणी बंद हाय. टॅक्टर गेलाय तितनं गाडी जायला काय धाड भरलीय?" मी नको नको म्हणेपर्यंत गाडी वाळूत उतरलीसुद्धा.

देवळाच्या बरंच जवळ जाऊन चाक रुतलं. ह्यांनी जोर दिला तसं आणखी रुतलं. आणि मग मला दिसलं की मघाशी नुसती ओली असलेली वाळू डाव्या हाताला चमकायला लागली आहे. पाणी आलं, पण खालून वर आलं. चढाकडं जाणारं पाणी मी जन्मात पाहिलं नव्हतं. देवळाकडून लोक हात करून ओरडत होते, "भरती! भरती!" आणि हे चाकाखाली घालायला दगड शोधत फिरत होते. मी ओरडले, पाणी येतंय. तर म्हणाले, येवढ्याशा पाण्याला भ्यायचं काय, मोठं पाणी सोडायच्या आदी सांगत्यात. समुद्र कोण सोडणार होतं आणि कोण सांगणार होतं? मी आबांचं दार उघडलं, पण ते अंगानं जड, मला एकटीला ते निघेनात. माझ्या पायाला गार पाणी लागलं. मी देवीला मनातल्या मनात जे बोलले ते लिहिण्यासारखं नाही. एवढ्या लांब बोलावलंस ते यासाठी का, हा त्यातला त्यात सभ्य भाग.

तेवढ्यात देवळाच्या पायरीवरून एका बाईचा आवाज आला, अगदी आमच्या शिवारातल्यासारखा. "ओ पाव्हणं! पाणी सुटलंयऽऽ!"

आमच्याकडं ही हाक आली की माणूस जेवणाचं ताट सोडून उठतो. पाण्याची पाळी चुकवून चालत नाही. हे तसेच उठले. हातातला दगड टाकला, एका झटक्यात आबांना पाठीवर घेतलं आणि देवळाच्या दिशेनं पळत सुटले. आबा पाठीवरून विचारत होते, "फावडं घेतलं का?" मी ओटी घेऊन मागं धावले. पोटऱ्यांपर्यंत पाणी झालं, मग गुडघ्यांपर्यंत. पायऱ्यांवरच्या माणसांनी आम्हाला हाताला धरून वर घेतलं. वळून पाहिलं तर गाडी निम्मी बुडाली होती आणि दोन ऊस वाढ्यांसकट तरंगत चालले होते. ह्यांना काय काय बोलायचं हे मी चिपळूणपासून ठरवून ठेवलं होतं. तोंड उघडलं आणि मला रडूच कोसळलं.

मग बसण्याशिवाय काही हातात नव्हतं. पाणी ओसरेपर्यंत इकडून तिकडं कुणी जाणार नव्हतं. मी ठरवलं होतं की पटकन पाया पडायचं, ओटी भरायची आणि दिवसाउजेडी घाट चढायचा. त्याऐवजी आबा सारी दुपार देवीसमोर भिंतीला टेकून बसले. त्यांनी स्वतःच्या हातानं बाटलीतलं पाणी तिच्या पायांवर घातलं, निम्मं तिच्यावर, थोडं स्वतःवर. काही मागितलं नाही. नुसते बघत बसले. मला वाटतं, त्यांना दर्शन नको होतं, बसायचं होतं. ते माझ्या बेतात बसत नव्हतं, म्हणून देवीनं बेतच बुडवला.

हाक देणारी बाई पायाला हळदीची पट्टी बांधून खांबापाशी बसली होती. मी विचारलं, तुम्हाला आमची बोली कशी येते? ती म्हणाली, माझं माहेर सणसर. सणसर म्हणजे आमच्या लासुर्ण्याच्या शेजारचं गाव! तिचे मालक इकडचेच, मास्तर होते, आमच्या भागात नोकरीला होते, लग्न करून ती इकडं आली. आई गेल्यावर माहेरी जाणं संपलं. सकाळीच दर्शन करून ती परतणार होती, पण कालवाच्या धारदार शिंपल्यानं पाय कापला आणि अडकून पडली. देवीवर तीही चिडलीच होती. मग गाडीवर बेचाळीस नंबर दिसला, बारामतीचा. "भरती म्हणून यास्नी कळायचं न्हाय," ती म्हणाली, "म्हणून आपल्यातलं बोलले. किती वर्सांनी तोंडात आलं."

 मग आबांच्या मांडीवरच्या बाटलीकडं बघून तिनं विचारलं, "त्यात काय हाय, आबा?"

"आपल्या पाटाचं पाणी," आबा म्हणाले. "तुझ्याच गावावरनं येतंय. घे, पोरी."

तिनं ओंजळ पुढं केली. आबांनी उरलेलं सगळं ओतलं. तिनं ते डोळ्यांना लावलं, कपाळाला लावलं, आणि मग प्यायली. रडली ती नंतर, माझ्या खांद्यावर, अगदी आई भेटल्यासारखी. ह्यांनी तोंड फिरवून समुद्राकडं बघितलं. मला एकाएकी उमगलं की देवीला पाण्याची कमी नव्हतीच. ती बाटली जिची होती तिला पोचली होती, आणि पोचवायला आम्हाला एवढा घाट उतरवला होता. दिवसभराची माझी चिडचिड तिथल्या तिथं विरली.

ओहोटीला ट्रॅक्टरनं गाडी ओढून काढली. ती महिनाभर चिपळूणच्या गॅरेजात पडून होती आणि आम्ही एसटीनं घरी आलो. हॉर्न वेळेवर वाजवणारा ड्रायव्हर मिळाला, हा देवीचा वेगळा प्रसाद. तेव्हापासून निघताना मी सगळा बेत करते, पण शेवटचा शब्द तिच्यावर सोडते.

अजूनही शिवारातून हाक येते, "पाणी सुटलंय!" हे फावडं घेऊन पळतात. मी चुलीपुढं उभी राहून हात जोडते. आणि आबा खाटेवरून म्हणतात, "तिच्याकडं बी सुटलं आसंल." ती म्हणजे देवी की सणसरची लेक, हे मी कधी विचारत नाही.