नळीतलं पाणी

अख्ख्या सह्याद्रीत आभाळाला ज्याचा धाक वाटावा असा एकच माणूस होता, आणि तो राजूरला माझ्या शेजारी राहत होता. गाव त्यांना बाबा म्हणे. रोज सकाळी साडेआठला पर्जन्यमापकातलं पाणी काचेच्या नळीत ओतून मोजायचं आणि वहीत मांडायचं, हे त्यांचं सरकारी काम. छत्री त्यांनी जन्मात घेतली नाही. म्हणत, "छत्रीवरला पाऊस कुनी मोजायचा, गुरुजी?" धाकट्या मुलीच्या लग्नात मंगलाष्टकं चालू असताना मुठीत अक्षता तशाच धरून ते मापकाकडे गेले, आणि परत येऊन व्याह्यांच्या कानात म्हणाले, "बेचाळीस मिलिमीटर." व्याह्यांनी घाबरून मान डोलावली.

बहात्तर साली मृग कोरडा गेला, आर्द्राही गेली. भाताची रोपं पिवळी पडली. तरी बाबा रोज जायचे, रिकामी नळी उजेडात धरायचे आणि वहीत सुबक शून्य काढायचे. मी शाळेतला तरणा मास्तर. मला थट्टा सुचली. एका पहाटे मापकाच्या नरसाळ्यात मी अर्धा तांब्या पाणी ओतलं.

साडेआठनंतर बाबा अनवाणी बाजारात आले. "सतरा मिलिमीटर," म्हणत दिसेल त्याच्या हातावर पेढा ठेवू लागले. रस्त्यावर धूळ उडत होती.

पेढेवाला म्हणाला, "बाबा, आमचं अंगण तेवढं वगळलं व्हय?"

"डोंगरातला पाऊस हाय. बैलाच्या एका शिंगावर पडतो, दुसऱ्यावर न्हाई."

संध्याकाळी खरं सांगू, असं मी ठरवलं. पण आकडा तारेनं नगरला पोचला होता. आसपास कुठंच थेंब नव्हता, म्हणून चौकशीला साहेब आले. "चूक झाली म्हणून आकडा खोडा, काम राहील," एवढंच त्यांचं म्हणणं.

"नळीत दिसलं ते लिवलं, साहेब. ह्यो खोडला तर मागचं बी समदं खोटं हुईल."

मी दारातच उभा होतो. माझी नोकरी नवी होती. तांब्याचं न सांगताच शाळेकडे वळलो. बाबांचं काम गेलं.

पुढं त्यांनी कुंपणाला तेलाचा डबा टांगला आणि बोटाच्या पेरांनी पाऊस मोजत राहिले. दर मृगाला विचारायचे, "गुरुजी, त्या दिशी पडला व्हता ना?" "पडला असेल," मी म्हणायचो. तेवढ्यावर ते हसायचे.

बाबांना जाऊन कैक पावसाळे झाले. त्या दिवशी राजूरला पाऊस पडला नव्हता. पाणी माझ्या तांब्यातलं होतं. पण नळीत ते सतरा मिलिमीटरच होतं, बाबा. तुम्ही बरोबर मोजलं होतं.