अर्जातली प्रार्थना

तेलंगणातल्या जैनथकडच्या आमच्या गावातल्या सरकारी शाळेचे मराठीचे गुरुजी निवृत्त झाले, आणि त्यांच्या जागी कोणी आलंच नाही. माझ्या तिसरीतल्या मुलीला तेलुगूच्या वर्गात मागे बसवलं. तेलुगूशी माझं भांडण नाही, बाजारात मी तीच बोलते. पण पोरगी घरी येऊन गप्प बसायला लागली आणि माझं डोकं फिरलं.

एका गुरुजीसाठी कोणी हायकोर्टात जातं का, असं आदिलाबादच्या वकिलांनी विचारलं. का जात नसावं, हेच मला कळेना. मोबाइलवर शोधत गेले, तर लहान मुलांना मातृभाषेत शिकवायची सोय असावी असं राज्यघटनेतच निघालं. शिवाय वकिलाशिवाय आपली बाजू आपणच मांडता येते म्हणे! सासरे म्हणाले, "आपलं गाऱ्हानं दुसऱ्याच्या तोंडानं काऊन सांगाचं? तूच जाय." मग काय, उतावळा नवरा आणि गुडघ्याला बाशिंग.

अर्ज आधी मराठीत लिहिला, मग डिक्शनरी घेऊन इंग्रजीत केला. हैदराबादला कोर्टाच्या कचेरीतल्या साहेबांनी पानं चाळून विचारलं, "इसमें प्रेयर कहाँ है?"

मी सांगितलं, शाळेत प्रार्थना रोज सकाळी होते, पण तेलुगूत, म्हणून माझी मुलगी नुसते ओठ हलवते. ते हसले, मग हसायचे थांबले. कोर्टाकडून नेमकं काय हवं ते जिथं लिहितात, त्याला प्रेयर म्हणतात, असं त्यांनी समजावलं. मला गंमतच वाटली. एवढा राग, एवढी पानं, आणि मागायचंच राहून गेलं होतं. बाहेरच्या बाकावर बसून तेवढं लिहिलं: आमच्या शाळेला मराठीचा शिक्षक द्यावा.

सुनावणीला माझं नाव पुकारलं तशी मी पुढे जाऊन उभी राहिले. वकील कुठे आहे, असं जजसाहेबांनी तेलुगूत विचारलं. मीच, म्हटलं. त्यांनी अर्ज वाचला, सरकारला उत्तर द्यायला सांगितलं आणि पुढची तारीख दिली.

घरी पोहोचले तर मुलगी दारातच उभी होती. जजनं प्रार्थना ऐकली का, तिनं विचारलं. ऐकली, पण तारीख दिली, असं मी सांगितलं.

"देव तं तारीखभी देत नाही," सासरे म्हणाले. आम्ही दोघंही हसलो.

पोरगी हसली नाही. "तवरीक मी कोन्या वर्गात बसू?" तिनं विचारलं.