काशीदादांचा कान

गॅरेज बंद झालं की पाने-पक्कड कोणीतरी घेऊन जातो, जुनं लोखंड भंगारवाला उचलतो. किस्से मात्र कोणी नेत नाही. ते आपल्याच अंगाला ग्रीससारखे चिकटून राहतात आणि चार ओळखीची माणसं भेटली की एकामागून एक निघतात.

मी मूळचा शहापूरचा. नव्वदच्या दशकात मुरबाडला, वैशाखऱ्याच्या रस्त्यावर काशीदादांच्या गॅरेजात कामाला लागलो आणि पुढची बारा-तेरा वर्षं तिथेच काढली. हत्यारं काय, सगळ्याच मेकॅनिककडे असतात. दादांकडे कान होता! हातभर रबरी नळी घ्यायची, एक टोक कानात, दुसरं चालू इंजिनवर फिरवायचं आणि गाडी कुठून हवा घेते ते सांगायचं. त्या कानावर गॅरेज चालायचं, आणि दादांचा मानही त्यावरच होता. त्या कानाशी मी जे केलं ते शेवटी सांगतो. त्याला अजून धीर गोळा करावा लागतो.

* * *

पहिल्याच आठवड्यात मी विचारलं, दादा, हे व्हॅक्यूम म्हणजे नक्की काय? त्यांनी चालू इंजिनवरचा एक पाइप उपसला आणि त्याच्या तोंडावर माझा अंगठा ठेवला. अंगठा आत ओढला गेला.

इंजिन हवा ओढतं. त्या ओढीवरच ब्रेकचा बूस्टर चालतो, म्हणजे आपल्या पायाचा जोर वाढवणारा तो पेडलपुढचा काळा डबा. पाइपाला बारीक चीर गेली की ओढ कमी होते, ब्रेक जड होतो, इंजिन थरथरतं. 'जे दिसत नाय तेच पयलं तपास,' दादा म्हणाले.

मी पुढचे सहा महिने जे दिसतं तेच पुसत बसलो.

* * *

आमचे एक गुरुजी होते, शाळेतून रिटायर झालेले. त्यांची जुनी पेट्रोल गाडी उभी राहिली की हिवताप आल्यासारखी हलायची. कल्याणला तीनदा कार्बोरेटर उघडून झाला होता. दादांनी नळी फिरवली, इंजिनच्या मागच्या अंगाला थांबले, एका पाइपाचं चिरलेलं टोक बोटभर कापून टाकलं आणि तो परत बसवला. गाडी शांत.

गुरुजींचा विश्वासच बसेना. तीन वाऱ्या करून न गेलेलं दुखणं पाच मिनिटांत जातं म्हणजे काय! गाडी घेऊन गेले ते जरा रागातच.

दुसऱ्या दिवशी पायी आले. म्हणाले, काशिनाथ, ती नळी घे आणि घरी चल, आमचा गोबरगॅसही कुठूनतरी गळतोय. दादा गेले. आणि तोही सापडला!

* * *

जीपवाल्यांची तऱ्हा वेगळी. माळशेज घाट उतरताना काळी-पिवळीचे ड्रायव्हर इंजिन बंद करायचे, तेवढंच डिझेल वाचतं म्हणून. त्यातला गोविंदा एकदा तक्रार घेऊन आला की ब्रेक फक्त उतारावरच दगड होतो.

दादांनी त्याला उभ्या जीपमध्ये बसवलं, इंजिन बंद करायला लावलं आणि पेडल दाब म्हणाले. दोनदा मऊ, तिसऱ्यांदा जड, चौथ्यांदा दगड. डिझेल गाडीत ओढ तयार करायला वेगळा पंप असतो आणि तो इंजिनवरच फिरतो. इंजिन थांबलं की डब्यात उरलेल्या ओढीवर दोन-तीन ब्रेक मिळतात, मग संपलं. दादांनी जीव तोडून समजावलं, गोविंदाने मान डोलावून ऐकलं.

महिन्याने दादांनी विचारलं, इंजिन बंद करणं सोडलंस ना?

'नाय दादा. पण आता मोजून मारतो. तीन मिळतात, मी दोनच वापरतो!'

मी पोट धरून हसलो. दादा हसले नाहीत. घाटात जीप उलटली असं कोणी म्हटलं की ते आधी गाडीचा नंबर विचारायचे. गोविंदा नशिबाने धड राहिला, पण माझं ते हसणं आता मला आवडत नाही.

* * *

बूस्टरच्या पाइपात एक छोटा वॉल्व्ह असतो, हवेला एकाच बाजूने जाऊ देणारा. त्यावर बाण असतो. तो बाण न बघता मी वॉल्व्ह उलटा बसवला आणि गाडी झाली म्हणून सांगून मोकळा झालो.

दादांनी एकदाच पेडल दाबलं आणि खाली उतरले. ओरडले नाहीत. किल्ली माझ्या हातात देऊन म्हणाले, म्हसा गावापर्यंत जाऊन ये, हळू जा. नेमका बाजाराचा दिवस. माणसं, बैल, टेम्पो, आणि प्रत्येक ब्रेकला मी सीटवरून उठून पेडलवर उभा! परत आलो तेव्हा पाय लटलटत होता.

'आता बाण इसरशील?' एवढंच विचारलं. इतकं मन लावून मला पुढे कोणी शिकवलं नाही.

* * *

मग दोन हजार सालानंतरची गोष्ट. गॅरेजसमोर एका ट्रॅक्टरचा टायर फुटला. केवढा आवाज! चहावाल्याच्या हातून ग्लास पडले, कुत्री पळाली. दादा बॉनेटखाली वाकलेले होते, त्यांनी मानसुद्धा वर केली नाही.

लोक म्हणाले, याला म्हणतात एकाग्रता! चार दिवस नाक्यावर तेच कौतुक. मीही ते तिखटमीठ लावून सांगत होतो.

* * *

मला कळायला आणखी वर्ष गेलं. दादांच्या घरच्या, आमच्या वहिनी, म्हणाल्या की हल्ली घरचा टीव्ही शेजारच्या आळीत ऐकू जातो. तेव्हा ट्यूब पेटली. पण दादा नळी लावायचे आणि गळती अजून बिनचूक सांगायचे. मला समोर उभं करायचे, नळी हळूहळू फिरवायचे, आणि एका जागी थांबून म्हणायचे, हितं हाय. माझं डोकं चालेना.

त्याच सुमारास शहापूरला हायवेवर एक नवं गॅरेज निघत होतं. त्यांनी मला हेडमेकॅनिक म्हणून विचारलं होतं. माझ्या अंगात वारं भरलं. दादांचा कान गेलाय आणि आता खरा कान माझा आहे, हे मला चारचौघांत दाखवायचं होतं.

दसऱ्याचा दिवस. हत्यारांची पूजा झालेली, गोविंदा जीपला हार घालून आलेला, गुरुजी बायकोला, म्हणजे आमच्या बाईंना, घेऊन गाडीसह हजर. मी गुपचूप गुरुजींच्या बूस्टरचा पाइप इंजिनच्या मागे सैल केला. इंजिन डगमगणार नाही, पण फुसफुस ऐकू येईल, एवढाच. मग म्हणालो, दादा, गुरुजींची गाडी हवा घेते वाटतं, जरा ऐका.

दादांनी नळी लावली. मी नेहमीसारखा समोर उभा राहिलो, चेहरा दगडासारखा करून. नळी त्या पाइपावरून गेली. मला तिथूनही फुसफुस ऐकू येत होती. दादांनी माझ्याकडे बघितलं आणि नळी पुढे नेली. पुन्हा एकदा फिरवली, पुन्हा बघितलं. मग नळी काढून म्हणाले, काय नाय, बरोबर हाय. न्या गुरुजी.

गुरुजींनी गिअर टाकला. बाई शेजारी बसलेल्या. आता मात्र जड ब्रेकची गाडी रस्त्याला लागणार होती. मी आडवा जाऊन गाडी थांबवली, बॉनेट उघडलं आणि सगळ्यांदेखत पाइप घट्ट केला. गोविंदा खाली बघत होता.

दादा जवळ आले. मला वाटलं कानाखाली बसणार. बसली असती तर बरं झालं असतं. त्यांनी नळी गुंडाळून माझ्या खिशात घातली.

'सुभ्या, दोन वरसं मला इंजिन ऐकू येत नाय रे. नळी बरोबर जागी आली का तुझी भुवई हलते, ती बघून सांगतो.' मग गुरुजींच्या गाडीकडे बघत म्हणाले, 'आज हलली नाय.'