कॉर्नेलियस काका

आमच्या गल्लीत कुणी कुळाचा तोरा मिरवू लागलं, की कॉर्नेलियस काका थेट रोमला पोचत. "तिथे कॉर्नेलियस म्हणून एक घराणे होते," अशी सुरुवात व्हायची आणि त्यांची कॉफी गार होऊन जायची.

कुंभकोणमच्या कॉलेजात ते इतिहास शिकवत. वर्गात तमिळ, घरात आमची जुन्या वळणाची तंजावरी मराठी. विद्यार्थ्यांनी ठेवलेलं नाव आम्ही शेजाऱ्यांनीही उचललं. आफ्रिका जिंकणारा सेनापती कॉर्नेलियस, रोमला धाकात ठेवणारा हुकूमशहा कॉर्नेलियस, हे ते भराभर उरकत. रमत ते पुढे. त्या हुकूमशहाने शत्रूंचे गुलाम मुक्त केले आणि त्यांना आपलंच नाव दिलं. "मग न्हावीही कॉर्नेलियस, भाजीवालाही! नांव दिल्याने उणे होत नाही, वाढते."

त्यांच्याकडे स्वयंपाक करणारी सेल्वी वारली, तेव्हा तिच्या लहानग्या कल्याणीला काकांनी रीतसर दत्तक घेतलं. त्यांनी लग्न केलेलं नव्हतं. घर थोरली विधवा बहीण, आक्का, सांभाळत.

"जेवू घाल, शिकव. नांव कशाला देतोस?" आक्कांनी विचारलं.

"जेवू तर कोणीही घालील, आक्का."

आक्का कल्याणीची वेणी घालत, दुखण्यात उशाशी बसत. पण तिला 'लेक' कधी म्हणाल्या नाहीत.

स्वामीमलैच्या एका मूर्तिकाराशी कल्याणीचं लग्न ठरलं आणि त्याच सुमारास काकांना पक्षाघात झाला. वाचा गेली. मांडवात गुरुजींनी वधूचं गोत्र विचारलं. काकांचे ओठ नुसतेच हलले. मागून कुणीतरी कुजबुजलं, "स्वयंपाकिणीच्या पोरीला कसले गोत्र?" कल्याणीने माझा हात घट्ट धरला.

आक्का पदराला हात पुसत पुढे आल्या. "काय पुसता? आमची लेक आहे. आमचेच गोत्र सांगा."

काका ढसाढसा रडले. त्यांना रडताना मी पहिल्यांदाच पाहत होते.

त्याच वर्षी मार्गळीच्या थंडीत ते गेले. अग्नी कल्याणीने दिला. कुणी हरकत घेतली नाही, आक्का शेजारी उभ्या होत्या.

परवा स्वामीमलैला कल्याणीकडे गेले होते. अंगणात मेणाच्या मूर्तींवर लिंपलेले मातीचे साचे वाळत होते आणि रस्समला मीठ कमी पडलं म्हणून आक्का कल्याणीवर ओरडत होत्या. मी विचारलं, "आक्का, घरी कधी येता?"

त्यांना प्रश्नच कळला नाही. "घरीच तर आहे गे," त्या म्हणाल्या.