परत न आलेलं पुस्तक

एक्स-रेवाल्या ताईंनी लग्न केलं नाही, पुस्तकं केली, असं त्यांची वहिनी म्हणायची. ताई हसून सोडून द्यायच्या. इस्पितळाच्या तळघरात त्यांची नोकरीची सगळी वर्षं गेली. दिवसभर तोंडून दोनच वाक्यं: श्वास धरा, आता सोडा. संध्याकाळी मात्र रस्त्याकडेच्या जुन्या पुस्तकांच्या ढिगापाशी त्या फतकल मारून बसायच्या आणि एखादं तरी काखोटीला मारूनच घरी यायच्या. आई गेली तेव्हा तिची खाट हलली आणि त्या जागी आणखी एक कपाट आलं.

पुढे पुस्तकं वाचायला द्यायची सवय लागली. आधी घराच्या खालच्या मजल्यावर राहणारी नर्स घेऊन गेली, मग तिची नणंद, मग ओळखीतलं कुणी ना कुणी. पुस्तक दिलं की माणूस दोनदा घरी येतं, न्यायला आणि परत करायला, हे ताईंच्या ध्यानात आलं. म्हणून दोन खंडांचं पुस्तक त्या कधी एकदम देत नसत. चहाचं आधण ठेवायला तेवढंच निमित्त.

निवृत्तीनंतर तेही आटलं. लोक घाईत असायचे. पिशवीत पुस्तक घालून दाराच्या कडीला अडकवून जायचे. एकदा ताई तापाने अंथरुणाला खिळल्या. बरं वाटल्यावर दार उघडलं तर बाहेर पिशव्या लटकलेल्या. कडी कुणीच वाजवली नव्हती. भावाला फोनवर हे सांगितलं, तर तो म्हणाला, देऊन टाक सगळी कुठल्यातरी वाचनालयाला, तुझ्यामागे रद्दीतच जायची आहेत. तो चिडून बोलला नव्हता. तेच ताईंना जास्त लागलं.

त्या तिरमिरीत त्यांनी परत न आलेली पुस्तकं आठवायला घेतली. एक जाडजूड कादंबरी रुग्णवाहिकेच्या ड्रायव्हरकडे कित्येक वर्षं पडून होती. पत्ता विचारत ताई त्याच्या घरी थडकल्या. सुनेने आत नेलं. म्हातारा खिडकीपाशी बसला होता. त्याने आवाजावरून ओळखलं आणि चाचपडत उशाखालून पुस्तक काढलं.

"अर्ध्यावर होतो आणि डोळे गेले, ताई. परत केलं असतं, तर शेवट कधीच कळला नसता."

"घरात कुणी वाचून दाखवत नाही?"

"मागायला नको वाटतं. ज्याला त्याला आपापली कामं."

भांडायच्या तयारीने गेलेल्या ताईंनी चष्मा पुसला, खुणेचं पान उघडलं आणि वाचायला घेतलं. सुरुवातीला घसा बसला; इतकं सलग बोलायची सवयच मोडली होती. मग त्या रोज दुपारी जायला लागल्या. कथेतल्या थोरल्या भावाचं काही खरं नाही, म्हणत तो मध्येच थांबवायचा आणि दोघं हमरीतुमरीवर यायची. शेवट जवळ आला तशा ताई मुद्दाम रेंगाळत वाचू लागल्या. इतक्यात त्याच्या मुलाची बदली झाली. सामान बांधलं जात होतं, प्रकरणं उरली होती.

"आता हे परत कसं करू?" त्याने विचारलं.

"राहू दे. सूनबाई वाचेल उरलेलं," ताई म्हणाल्या. सुनेने मान डोलावली.

दुसऱ्या दिवशी दुपारी ताईंनी सवयीने चपला घातल्या. जिना उतरून पार रस्त्यावर आल्यावर त्यांना आठवलं, ती मंडळी सकाळीच गेली होती. परत वर जायला पाय उचलेना, म्हणून त्या तशाच कोपऱ्यापर्यंत चालत गेल्या.